सेवेचा दाखला

जबलपूर शहराच्या दक्षिणेस नर्मदेच्या काठी ग्वारीघाट आहे. नर्मदा पश्चिमवाहिनी असल्यामुळे शहराकडचा हा काठ उत्तरतट मानला जातो. पाण्यातच उभे असलेले नर्मदामातेचे लहानसे देऊळ, पैलतीरावर गुरू नानकांच्या आगमनाची आठवण जपणारा गुरुद्वारा, दोन्ही काठांमध्ये ये-जा करणाऱ्या नावा आणि दिवेलागणीची आरती, एवढे चित्र तेथे गेलेल्या प्रत्येकाच्या ध्यानात राहते. माघ शुद्ध सप्तमीला, म्हणजे नर्मदाजयंतीला, घाटाची पायरी दिसत नाही इतकी गर्दी होते. परिक्रमावासी मात्र या नावांकडे केवळ पाहतो. नदी उजव्या हाताला ठेवून चालायचे आणि मध्ये कोठेही ती ओलांडायची नाही, असा त्याचा नेम असतो. पैलतीर कितीही जवळ दिसला तरी तो त्याच्यासाठी शेकडो कोसांवर असतो.

घाटावर जमलेल्या माणसांचे लक्ष दिव्यांकडे आणि पुजाऱ्यांकडे असते. ती आरती सुरळीत पार पडावी म्हणून कोणी काय काय केले, याकडे लक्ष जाण्याचे कारण नसते. पायऱ्यांवर शेवाळ कोठे आहे ते लहान मुलांना दाखविणारे कोणी असते. आलेल्या मुलांची डोकी मोजून तेवढीच परत नेणारे कोणी असते. पलीकडे लंगरात पंगत बसली की पाणी वाढणारे आणि आलेल्यांचे जोडे सांभाळणारे कोणी असते. या माणसांना पद नसते व पदाची अपेक्षाही नसते. आपण करतो त्याला ती ‘सेवा’ म्हणतात आणि शब्द तेथेच संपवितात.

अडचण पुढे निर्माण होते. हीच माणसे, विशेषतः त्यांतील तरुण, शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी अर्ज लिहावयास बसतात आणि त्या अर्जात एक रकाना असतो: ‘आपण नेतृत्व केल्याचा प्रसंग सांगा.’

जबलपुरात मराठी घरे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. १८१७ पर्यंत हा मुलूख नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना होईपर्यंत जबलपूर आणि नागपूर एकाच राज्यात होते आणि राजधानी नागपूर होती. गोंदियाहून सातपुडा ओलांडून येणारी अरुंद रुळांची आगगाडी जबलपुरात शिरण्यापूर्वी ग्वारीघाट स्थानकावर थांबत असे. ते अरुंद रूळ आता गेले आहेत आणि त्यांच्या जागी रुंद मार्ग आला आहे. पण त्या वाटेने आलेली कुटुंबे राहिली. घरात मराठी, बाहेर हिंदी, गणपतीत अथर्वशीर्ष आणि अमावास्या-पौर्णिमेला नर्मदास्नान, अशी त्यांची जीवनरीत बसून गेली.

अशा एखाद्या घरातील मुलगी डोळ्यांपुढे आणावी. तिला नाव देण्याचे कारण नाही, कारण अशा मुली अनेक आहेत. अकरावीत असताना तिने मोहल्ल्यातील मुलांच्या उपासना-वर्गात मदत करण्यास आरंभ केला आणि पदवी हाती येईपर्यंत पाच वर्षे तो वर्ग जवळजवळ एकटीने चालविला. दर रविवारी वीस-बावीस मुले. गीतेच्या पंधराव्या अध्यायाचे वीस श्लोक, चार स्तोत्रे, एखादी गोष्ट आणि महिन्यातून एकदा ग्वारीघाटावर सामुदायिक पाठ. तिसऱ्या वर्षी तिच्या ध्यानात आले की, मोठी मुले कंटाळली आहेत आणि लहान मुले घाबरली आहेत. तेव्हा तिने प्रत्येक मोठ्या मुलाकडे तीन लहान मुले सोपविली. एक मुलगा बोलताना अडखळत असे, म्हणून त्याला कोणी पुढे उभे करीत नसत. त्याच्याकडे तिने हजेरी घेण्याचे काम दिले. सारी नावे रोज मोठ्याने उच्चारता उच्चारता वर्षभरात तो सर्वांसमोर श्लोक म्हणू लागला.

आणखी एक प्रसंग. श्रावणातील एका सोमवारी घाटावर मुलांचा पाठ ठरला होता. वडीलधाऱ्यांनी निमंत्रणे दिली होती, प्रसाद तयार होता. जबलपूरच्या वरच्या अंगाला बरगीचे धरण आहे. पावसाळ्यात त्याचे दरवाजे उघडले की खालच्या घाटांवर पाणी चढते आणि तशी सूचना आधी दिली जाते. त्या दिवशी सूचना आली होती. ‘पाणी अजून पुष्कळ खाली आहे, अर्ध्या तासात उरकून घेऊ,’ असे थोरांचे मत पडले. एकोणीस वर्षांच्या या मुलीने मुलांना घाटावर नेण्यास नकार दिला, पाठ जवळच्या एका घराच्या ओसरीवर केला आणि पुढे महिनाभर काही मंडळींचा रोष सोसला. दुसऱ्या महिन्यापासून मात्र सहलीच्या आदल्या दिवशी धरणाची सूचना पाहूनच निघावयाचे, असा वर्गाचा नियम झाला.

पुढे ती नोकरीनिमित्त दुसऱ्या शहरी गेली. वर्ग सुटला. उपासनाही, खरे सांगावयाचे तर, पूर्वीसारखी राहिली नाही. दोन-तीन वर्षांनी तिने व्यवस्थापनशास्त्राच्या उच्च शिक्षणासाठी अर्ज करावयाचे ठरविले. सुट्टीत घरी आलेली असताना त्या रकान्यापाशी तिची लेखणी थांबली. आजीने विचारले, काय लिहितेस? मुलीने सांगितले. आजी म्हणाली, “अगं, देवाचं केलं ते देवापाशी. त्याची पावती लोकांना कशाला दाखवायची?” मुलगी म्हणाली, “पावती नाही गं दाखवत, आजी. आजवर काय केलंस, एवढंच विचारलंय त्यांनी. हे सोडून सांगण्यासारखं दुसरं काय केलंय मी?”

या दोन वाक्यांमध्ये सगळा प्रश्न सामावला आहे. आजीचा आक्षेप हलका नव्हे. आपल्याकडे केलेल्या दानाचा उच्चार केला की ते उणे होते, अशी श्रद्धा आहे, आणि ती निव्वळ भाबडी नाही. सेवेला मोबदला जोडला गेला की तिची जात पालटते, हा अनुभव कोणत्याही संस्थेत येतो. पुढेमागे अर्जात लिहिता यावे म्हणूनच वर्ग घेणारी मुले काही थोडी नाहीत. त्यांना वर्गातील मुले बरोबर ओळखतात. अर्जाची मुदत संपताच त्यांचा रविवारचा वर्गही संपतो.

पण जे काम अर्जाचा विचारही मनात नसताना झाले, त्याविषयी नंतर कोणी विचारले असता खरे सांगणे, ही निराळी गोष्ट आहे. लोकमान्यांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेले गीतारहस्य १९१५ साली प्रसिद्ध झाले, तेव्हापासून मराठी वाचकाला एवढे तरी परिचयाचे आहे की, फलाची आसक्ती सोडणे म्हणजे कर्म सोडणे नव्हे. त्याच न्यायाने, आसक्ती सोडणे म्हणजे केलेल्या कर्माविषयी मुके होणेही नव्हे. ज्या माणसापुढे पाचशे अर्ज पडले आहेत आणि त्यांतून पन्नास निवडावयाचे आहेत, त्याला खरी माहिती देणे हे अर्जदाराचे कर्तव्यच होय. विनयाने गप्प बसलेल्याची जागा बहुधा दुसऱ्या विनयी माणसाला मिळत नाही. ती बोलक्याला मिळते.

या बाबतीत समर्थांचा दासबोध पाहण्यासारखा आहे. अकराव्या दशकात पाचवा समास राजकारणाचा आहे, सहावा महंताच्या लक्षणांचा. आणि दशकाचा शेवट ज्या दहाव्या समासाने होतो, त्याचा विषय निःस्पृहाची शिकवण हा आहे. महंताने आपल्यासारखे आणखी महंत घडवावेत, त्यांना जाणते करून देशोदेशी पाठवावे, हा विचार समर्थांनी मांडला तो या निःस्पृहाच्या समासात. मठांचे जाळे विणणाऱ्या पुरुषाला निःस्पृहता आणि नेतृत्व यांत विरोध दिसला नाही. आपल्याला दिसतो, याचे कारण एवढेच की, नेतृत्व म्हटले की आपल्यापुढे हार घातलेला माणूस उभा राहतो.

वारकऱ्यांच्या सप्ताहात वीण्याचा पहारा असतो. वीणा रात्रंदिवस खाली ठेवायची नाही. एकाचा पहारा संपला की दुसरा येतो, नमस्कार होतो आणि वीणा उभ्या-उभ्या एका गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते. पहाऱ्याच्या काळात वीणेकरी सर्वांच्या नमस्काराचा धनी असतो आणि पहारा संपला की पंगतीत कोठेही बसतो. या पद्धतीत नेतृत्व आहे की नाही? निश्चित आहे. पण ते मोजावयाचे तर किती वेळ वीणा गळ्यात होती यावरून मोजून भागणार नाही. ती जमिनीला न टेकता पुढच्या माणसाकडे गेली की नाही, हे पाहावे लागेल.

आता थोडे त्या रकान्याविषयी. हा रकाना आला कोठून? सेसिल ऱ्होड्स याने १८९९ साली मृत्युपत्र केले, १९०२ साली तो वारला आणि त्याच्या संपत्तीतून ऑक्सफर्डच्या शिष्यवृत्त्या सुरू झाल्या. साम्राज्याचा तो कडवा पुरस्कर्ता होता आणि त्याच्या संपत्तीचा इतिहास स्वच्छ नाही. तथापि विद्यार्थी कसा निवडावा हे सांगताना त्याने केवळ पुस्तकी हुशारीवर भर दिला नाही. नैतिक बळ, पुढाकार घेण्याची प्रवृत्ती आणि आपल्या शाळासोबत्यांविषयीची आस्था, ही त्याने एकत्र मागितली. पुढाकार आणि सोबत्यांविषयी आस्था एकाच दमात सांगितली आहेत, हे विसरता कामा नये. पुढे ठिकठिकाणच्या अर्जांत पहिला शब्द टिकला आणि दुसरा मागे पडला.

आपल्या संघ लोकसेवा आयोगाची भाषा या दृष्टीने अधिक सावध आहे. नागरी सेवांच्या परीक्षेत व्यक्तिमत्त्व चाचणीला २७५ गुण असतात. त्या चाचणीत कोणते गुण पाहावयाचे हे नियमांत दिले आहे. त्यांत समाजात एकोपा राखण्याची आणि नेतृत्वाची क्षमता ही एकाच पदात जोडून सांगितली आहे आणि तिच्या लगोलग बौद्धिक व नैतिक सचोटी येते. उमेदवाराच्या सविस्तर अर्जात शाळा-महाविद्यालयात भूषविलेल्या जबाबदारीच्या जागा, खेळ, छंद यांची माहिती मागतात. त्यात लिहिलेल्या एका शब्दावर अर्धा तास प्रश्न येऊ शकतात, हे त्या वाटेने गेलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. ‘भजन’ असा छंद लिहून तालाच्या मात्रा न सांगता आलेले उमेदवार मंडळापुढे घाम पुसताना दिसतात.

अमेरिकेतील महाविद्यालयांसाठी जो सामाईक अर्ज चालतो, त्याचा आरंभ १९७५ साली पंधरा महाविद्यालयांनी केला. त्यात विद्यार्थ्याने अभ्यासाबाहेरील जास्तीत जास्त दहा कामे लिहावयाची असतात. कामांचे प्रकार छापलेले असतात आणि त्यांत ‘धार्मिक’ असा एक स्वतंत्र प्रकार आहे. म्हणजे असे काम सांगावे की नाही, ही शंका त्या अर्जाने स्वतःच दूर केली आहे. पदासाठी पन्नास अक्षरे, वर्णनासाठी दीडशे, त्याखेरीज आठवड्याचे तास आणि वर्षातील आठवडे. दीडशे अक्षरांत ‘संस्कार’ हा शब्द लिहिला तर तेवढी जागा फुकट गेली असे समजावे. तो शब्द वाईट नाही. पण परक्या वाचकाला त्यातून काही दिसत नाही.

ग्वारीघाटच्या मुलीने पहिल्या खेपेस हेच केले. ‘धार्मिक संस्थेत नेतृत्व करून मुलांमध्ये उच्च मूल्ये रुजविली,’ असे तिने लिहिले. हे वाक्य खोटे नाही. परंतु ते कोणाचेही असू शकते. एका मैत्रिणीने सल्ला दिला की ‘बालविभाग-संचालिका’ असे पद लिही, पाहावयास कोण येणार आहे! दुसरा सल्ला असा की देवाधर्माचा उल्लेखच नको. ‘एका सामाजिक संस्थेत मुलांना शिकविले’ एवढेच म्हणावे. पहिला सल्ला सरळ खोटेपणाचा आहे. ज्या वर्गात पद नव्हते तेथे पद निर्माण करणे म्हणजे ज्यांनी तो वर्ग बिनपदाचा ठेवला त्या सर्वांचा अपमान करणे होय. दुसरा सल्ला मात्र विचार करावयास लावणारा आहे, कारण त्यामागे भीती आहे आणि ती भीती अगदीच निराधार नाही.

हार्वर्ड विद्यापीठाचे अध्यक्ष लॉवेल यांनी १९२२ साली ज्यू विद्यार्थ्यांच्या संख्येवर मर्यादा घालण्याचा विचार मांडला. अध्यापकवर्गाने तो उघड स्वरूपात स्वीकारला नाही. पण १९२६ पासून प्रवेश देताना गुणांबरोबर ‘चारित्र्य’ आणि ‘व्यक्तिमत्त्व’ यांना वजन देण्याचे ठरले आणि ज्यू विद्यार्थ्यांचे प्रमाण घटले. व्यक्तिमत्त्वाचे जे रकाने आज गुणवत्तेचा विस्तार म्हणून मिरवतात, त्यांतील काहींचा जन्म असा नको असलेल्या धर्माचे लोक बाहेर ठेवण्यासाठी झालेला आहे. तेव्हा अमुक पंथाचे नाव वाचून एखाद्या परीक्षकाची भुवई वर जाईल, ही शंका कोणी बोलून दाखविली तर तिची थट्टा करू नये. आपल्याकडेही पंथांची नावे कोरी राहिलेली नाहीत. प्रत्येकाला राजकारणाचा काही ना काही वास चिकटला आहे.

तरीही लपविणे हा उपाय नव्हे. वीस मुलांना पाच वर्षे पंधरावा अध्याय शिकविणारी मुलगी ‘काही मजकूर शिकविला’ असे लिहील तर तिच्या साऱ्या हकिकतीचा कणा निघून जाईल. मुलाखतीत पहिल्याच प्रश्नाला, ‘कोणता मजकूर?’, ती चाचरेल, आणि ज्याला लपविण्यासारखे काही नव्हते त्याने लपविले असे दिसेल. याउलट, धर्माचे प्रतिपादनही अर्जात नको. परीक्षकाला तिचा देव मान्य करावयाचा नाही; तिने माणसे कशी सांभाळली एवढे पाहावयाचे आहे. उपासना-वर्ग होता हे एका वाक्यात सांगावे आणि मग त्या वर्गात काय अडले, काय केले, काय बदलले याकडे वळावे. ग्वारीघाटच्या मुलीचे खरे वाक्य तिच्या जवळच होते: अडखळणाऱ्या मुलाकडे हजेरी सोपविली, मोठ्या मुलांवर लहानांची जबाबदारी दिली, धरणाची सूचना आल्यावर वडीलधाऱ्यांच्या इच्छेविरुद्ध मुलांना घाटावर नेले नाही आणि त्यातून कायमचा नियम केला. या तीन गोष्टींत ‘नेतृत्व’ हा शब्द एकदाही लिहावा लागत नाही.

लंगराची उपमा येथे लागू पडते. गुरुद्वारात जेवावयास आलेल्याला ‘तू कोण’ असे विचारीत नाहीत आणि वाढणाराही आपली श्रद्धा ताटात वाढीत नाही. पण तो गुरुद्वारा आहे, हे कोणी झाकूनही ठेवीत नाही.

धर्मकार्याची नोंद जगाने नेतृत्व म्हणून घेतल्याचे मोठे उदाहरण मराठी माणसाला दूर शोधावे लागणार नाही. रोह्याला १९२० साली जन्मलेले पांडुरंगशास्त्री आठवले यांना १९९६ साली रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला तो धर्मप्रवचनासाठी नव्हे, सामुदायिक नेतृत्व या विभागात. दुसऱ्या वर्षी धर्मक्षेत्रातील टेम्पल्टन पुरस्कारही मिळाला. त्यांचे स्वाध्यायी गावोगाव जात, मासेमारीसाठी सामाईक नावा चालवीत, सामाईक शेत कसत आणि त्या श्रमाला भक्ती म्हणत. मनिलाच्या परीक्षकांनी त्या भक्तीला आपला शब्द दिला. दोन्ही शब्द आपापल्या जागी खरे होते. कोळ्यांची नाव समुद्रात गेली आणि तिच्या मिळकतीतून गरजूचे घर उभे राहिले, हे दोन्ही शब्दांच्या खालचे सत्य, आणि अर्ज लिहिणाऱ्याने तेथून आरंभ केला तर शब्दांची निवड आपोआप सोपी होते. घरच्या पातळीवर पाहिले तर मेळे आणि गणेशोत्सव यांनीही शंभराहून अधिक वर्षे हेच केले आहे. वर्गणीचा हिशेब, भांडणांची मिटवामिटव, मिरवणुकीची शिस्त, हे सारे मराठी मुलगा कोणत्याही व्यवस्थापन-संस्थेत जाण्यापूर्वी गल्लीत शिकलेला असतो. विसर्जनानंतर वर्गणीचा हिशेब फलकावर लावणारा चिटणीस अर्जात ‘उत्सवात सहभाग’ एवढेच लिहितो, ही हळहळण्यासारखी गोष्ट आहे.

एक नाजूक प्रश्न राहतो. ज्या श्रद्धेपोटी काम केले ती श्रद्धा आज उरली नसेल तर? ग्वारीघाटच्या मुलीची हीच खरी बोच होती. आजीला तिने ती सांगितली नाही. जी आता संध्येला दिवाही नेमाने लावीत नाही, तिने त्या पाच वर्षांचे श्रेय घ्यावे काय?

याचे उत्तर क्रियापदाच्या काळात आहे. जे केले ते भूतकाळात लिहावे. अमुक वर्षापासून अमुक वर्षापर्यंत असा काळ स्पष्ट द्यावा. ‘करते’ असे लिहिले तर खोटे, ‘केले’ असे लिहिले तर खरे. मनातील श्रद्धा वाढली की घटली, याचा हिशेब अर्ज मागत नाही; तो देऊही नये. अडखळणारा मुलगा बोलू लागला, ही घटना शिकविणारीच्या पुढच्या आयुष्यातील शंकांनी मागे जाऊन पुसली जात नाही. नदीच्या काठाने केलेली वाटचाल चालणारा पुढे घरी बसला तरी झालेलीच राहते. मात्र ‘आज त्या वर्गात आपण का नाही?’ असे मुलाखतीत विचारले, तर गाव सोडले आणि उपासनाही कमी झाली, असे सरळ सांगावे. सांगताना त्या मंडळींविषयी तुच्छतेचा एक शब्द येऊ देऊ नये. जुन्या घराची निंदा करून नव्या घरात प्रवेश मिळविणारे लोक चतुर वाटतात. पण परीक्षक अनुभवी असेल तर तो मनात टिपून ठेवतो की, उद्या हा मनुष्य येथून बाहेर पडला म्हणजे आमच्याविषयीही असेच बोलेल.

आणखी एका बाबतीत फार सावध असावे लागते आणि तिची चर्चा क्वचितच होते. उपासना-वर्गात, प्रवचनानंतर, घाटावरून परत येताना मुले ताईजवळ मन मोकळे करतात. घरातले भांडण, वडिलांचे व्यसन, परीक्षेतील अपयश, मनात येणारे नको ते विचार. हे सारे विश्वासाने आलेले असते. प्रवेशाचा निबंध परिणामकारक व्हावा म्हणून या मुलांची दुःखे त्यात घालण्याचा मोह होतो आणि तसे निबंध वाचकाला हेलावूनही सोडतात. पण ती दुःखे लिहिणाऱ्याची नव्हेत. नाव बदलले म्हणून भागत नाही; जबलपूरसारख्या शहरात वीस मुलांच्या वर्गातील अडखळणारा मुलगा कोण, हे दोन वाक्यांत ओळखता येते. त्याविषयी लिहावयाचे तर त्याला विचारून लिहावे, आणि आता तो मोठा झाला असेल तर त्याच्याच तोंडून होकार घ्यावा. आजी ज्याला ‘देवापाशी’ म्हणत होती, ते कदाचित हेच असेल. वर्गाचे काम सांगण्यास हरकत नाही. वर्गात ऐकलेले मात्र तेथेच राहिले पाहिजे.

शिफारसपत्राविषयीही थोडे सांगावयास हवे. पुष्कळ अर्जदार अशा कामासाठी संस्थेच्या प्रमुखाचे, एखाद्या महाराजांचे किंवा सभापतींचे पत्र आणतात. मोठी सही, मोठा शिक्का आणि ‘ही सुशील व सदाचारी आहे’ एवढा मजकूर! ज्याने तिला दर रविवारी पाहिलेच नाही, तो आणखी काय लिहिणार? त्यापेक्षा ज्यांच्या ओसरीवर त्या सोमवारी पाठ झाला त्या गृहस्थांचे, किंवा प्रथम रागावलेल्या आणि नंतर तो नियम मान्य केलेल्या वडीलधाऱ्या कार्यकर्त्याचे पत्र कितीतरी मोलाचे. तो लिहील की, आमचा विरोध होता, मुलगी ऐकली नाही आणि दुसऱ्या वर्षी आम्हीच तिला विचारून सहल ठरविली. परीक्षकाला पत्राखालची पदवी लवकर विसरावयास होते. असा मजकूर विसरावयास होत नाही.

मुलीने अखेर अर्ज लिहिला तो साधा. कोणत्या वर्षापासून कोणत्या वर्षापर्यंत, किती मुले, आठवड्यातून किती तास, उपासना-वर्ग, गीतापाठ, मग त्या तीन गोष्टी. पदाच्या जागी तिने ‘वर्ग घेणारी’ एवढेच लिहिले. आजीला वाचून दाखविले. आजीने सर्व ऐकून घेतले आणि विचारले, “आणि तू गेल्यावर वर्ग कोण घेतं, ते नाही लिहिलंस?”

ते खरोखरच राहिले होते. वर्ग चालू होता. तिने ज्या मोठ्या मुलांकडे तीन-तीन लहान मुले सोपविली होती, त्यांतील दोघे तो चालवीत होते, आणि हजेरीची वही तिसऱ्याकडे होती. मुलीने जागा मोजली. दीडशे अक्षरे भरून गेली होती. तिने आपल्याविषयीचे एक वाक्य खोडले आणि तेवढ्या जागेत हे लिहिले.